तिसऱ्या पंख्याखालची खुर्ची

ग्रंथालयात काम करणाऱ्या बाईने हळू बोलावं, अशी लोकांची अपेक्षा असते. मी हळू बोलते, पण ते पगार घेते म्हणून. आई म्हणायची, या पोरीच्या नाकावर राग बसलेला असतो, त्याला उठायला निमित्तसुद्धा लागत नाही. आईचं अर्धंच खरं होतं. निमित्त लागतं, पण आमच्या विद्यापीठाच्या उपकेंद्रात त्याची टंचाई कधी पडली नाही.

उमरखेडहून ढाणकीकडे जाताना आमचं उपकेंद्र लागतं. भोवती सोयाबीन-तुरीची शेतं आणि मध्येच ही काचेच्या दाराची इमारत. तळमजल्यावर ग्रंथालय आहे. मी तिथे ग्रंथालय सहायक, देवघेवीच्या टेबलावर बसते. वाचन कक्ष एवढा मोठा की त्यात एखादं लग्न लागावं. परीक्षेचा महिना सोडला तर निम्म्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या असतात. मुलं येतात ती वायफायसाठी, उन्हाळ्यात पंख्यासाठी. मुलांना मी नावं ठेवत नाही, त्यांना पुस्तकाकडे नेणारं तिथे कोणी नाही.

आत शिरताना भिंतीवर एक पाटी दिसते, ‘ग्रंथालय सर्वांसाठी’. उद्घाटनाच्या दिवशी लावलेली. माझी चूक एवढीच की ती मी खरी मानली.

नियमावलीत ‘बाह्य वाचक’ असा एक प्रकार होता. आजूबाजूच्या कुणालाही आधार कार्ड दाखवून वाचन कक्षात बसता येईल, पुस्तक मात्र घरी नेता येणार नाही. तो नियम कागदावर घोरत पडला होता. त्याला मी उठवलं. जवळच्या गावात सांगून आले, रस्त्यापलीकडच्या बंजारा तांड्यावर सांगून आले. शनिवारी दुपारी तांड्यावरच्या बायका यायला लागल्या. कोणी पेपर वाचायची, कोणी लेकराला चित्रांचं पुस्तक दाखवायची, कोणी माझ्याकडून योजनेचा अर्ज समजून घ्यायची. एक म्हातारी नुसती पंख्याखाली डोळे मिटून बसायची आणि जाताना मला सांगायची की आज लय वाचलं.

तांड्यावरचे लोक आपसांत गोर बोलीत बोलतात. ते स्वतःला गोर म्हणतात आणि बाकीच्या सगळ्या दुनियेला कोर. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पहिल्या शनिवारी त्या म्हातारीने माझ्याकडे बोट दाखवून शेजारणीला ‘कोर’ असं काहीतरी सांगितलं. मला वाटलं, काही लिहायला कोरं मागते आहे. मी उठून तिच्या हातात एक कोरा कागद दिला. म्हातारी कागदाकडे पाहते, माझ्याकडे पाहते, आणि बायका तोंडाला पदर लावून हसतात. मग त्यांच्यातल्या एकीने मला अर्थ सांगितला. तो कागद पुढे आमच्यात चेष्टेचा विषय झाला. कधी मी चिडलेली दिसले की म्हातारी विचारायची, एखादा कागद आहे का.

अर्थ सांगणारी ती बाई त्या म्हातारीची सून. ती शनिवारपुरती राहिली नाही, रोज येऊ लागली.

ती पहिल्यांदा एकटी आली त्या दिवशी आधार कार्ड विसरली होती. मी तिला परत पाठवलं. नियम मीच उठवला होता, तो मीच कसा मोडणार. ती भर उन्हात तांड्यावर गेली आणि कार्ड घेऊन परत आली. चेहऱ्यावर नाराजी नाही. कार्ड टेबलावर ठेवून म्हणाली की आता तरी बसू द्या.

वय तिशीच्या पुढे, दहावी होऊन किती वर्षं झाली ते तिलाच मोजावं लागायचं. तांड्यावरच्या अंगणवाडीची सेविका निवृत्त होणार होती. त्या जागेसाठी बारावी लागते आणि बाई तिथलीच राहणारी लागते. वयाचीही अट आहे, आणि हिची ती अट उलटायला थोडंच राहिलं होतं. हिने सतरा नंबरचा फॉर्म भरला, म्हणजे कॉलेजात न जाता बाहेरून बारावीला बसायचं. फेब्रुवारीची ती एकच परीक्षा तिच्या हातात होती. पास झाली तर अर्ज, नाही तर जन्मभर दुसऱ्याच्या शेतात निंदण. हे तिने मला रडून सांगितलं नाही. बाजारभाव सांगावा तसं सांगितलं.

घरी अभ्यास का करत नाहीस, असं मी विचारलं तेव्हा कळलं की तिच्या घराच्या भिंतीला लागून पिठाची गिरणी आहे.

“लाईट असली का गिरणी चालते, मॅडम. लाईट गेली का अंधार. मी वाचू कधी?”

माझ्याजवळ एक खुर्ची होती. तिसऱ्या पंख्याखालची, खिडकीजवळची. तो एकच पंखा न कुरकुरता फिरतो, आणि वीज गेली तरी खिडकीतून उजेड येतो. ती तिथे बसू लागली. सुरुवातीला खुर्चीच्या अगदी कडेवर, कोणी आलं तर लगेच उठता यावं अशी. पाठ टेकून बसायला तिला महिना लागला. मी देवघेवीच्या टेबलावरून हे रोज पाहायची, आणि ज्या दिवशी तिने पाठ टेकली त्या दिवशी मला घरी जाऊन शिरा करावासा वाटला.

मराठीच्या पेपरासाठी मी तिला थोडं शिकवायची. आमच्याकडे बायाही ‘मी जातो, मी येतो’ असंच म्हणतात, मीसुद्धा घरी तशीच बोलते. पेपरात मात्र ‘जाते, येते’ लिहावं लागतं. ऱ्हस्व-दीर्घ, न आणि ण, सगळं ती घोकायची. शुद्धलेखनात माझ्यासारखी खवचट बाई शोधून सापडणार नाही, आणि तिने माझा हा गुण अगदी बारकाईने उचलला.

एका गोष्टीवरून मात्र माझी रोज चिडचिड व्हायची. दारावरचा गार्ड तांड्यावरच्या बायकांना चपला बाहेर काढायला लावायचा. फरशी खराब होते म्हणे. पोरं चिखलाचे बूट घेऊन तरातरा आत जायची, तेव्हा फरशीला काही होत नव्हतं. मी गार्डशी भांडले. तो म्हणाला, वरून तोंडी आदेश आहे. वर म्हणजे कुठे, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. शेवटी तिनेच मला थांबवलं. चपलेपायी खुर्ची घालवू नका, असं म्हणाली. पायरीच्या कोपऱ्यात ती आपल्या चपला जोडून ठेवायची, पट्टे आतल्या बाजूला करून.

मग उपक्रमांचे समन्वयक म्हणून आमच्याकडे एक साहेब आले. उपक्रम म्हणजे ज्याचा फोटो निघतो ते, ही त्यांची व्याख्या. त्यांनी ती कधी बोलून दाखवली नाही, पण वागण्यात इतकी स्वच्छ होती की बोलायची गरजच नव्हती. जानेवारीत मूल्यांकन समिती येणार होती. भिंतींना रंग लागला, कुंड्या आल्या, स्वच्छतागृहात साबण आला. आणि एका सकाळी तोंडी नव्हे, चांगला सहीशिक्क्याचा आदेश आला की समिती येऊन जाईपर्यंत बाह्य वाचकांना वाचन कक्ष बंद.

मी साहेबांकडे गेले. ते समजुतीच्या सुरात म्हणाले की खुर्च्या रांगेत लावल्यात, बाहेरचे लोक येऊन बसले की विस्कटतात. मी म्हटलं, खुर्ची बसण्यासाठीच असते. ते हसले. आणि त्याच दुपारी त्यांनी मला परत बोलावलं. समितीला समाजाभिमुख उपक्रम दाखवायचे होते. तांड्यावरच्या पंधरा-वीस बायका हव्या होत्या, पारंपरिक पोशाखात, वाचताना.

वरून कीर्तन, आतून तमाशा म्हणतात तो हाच. सकाळी ज्यांना दार बंद, दुपारी त्यांचीच गरज. तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी ‘बघते’ एवढंच म्हणाले, कारण माझ्या डोक्यात ती खुर्ची होती.

तोवर हिचे दिवस वाया चालले होते. तांड्याच्या टोकाला त्यांचा गोठा आहे, तिथे ती वाचायला बसायची. गोठ्याची एक बाजू उघडी. वाऱ्याने पानं उडायची, येणारा-जाणारा हाक मारायचा, आणि एका शेळीने इतिहासाच्या गाईडमधलं एक प्रकरण चावून खाल्लं. शेळी पास होईल, मी नाही, असं ती म्हणाली. मी साहेबांचं बोलणं तिच्या कानावर घातलं. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली की येते, बायाही आणते, पण मोबदल्यात खुर्ची पाहिजे. हे साहेबांना तिने स्वतः सांगितलं, मी शेजारी उभी होते.

“नक्की,” साहेब म्हणाले. “समिती गेली की बसा. तुमच्यासाठीच तर आहे हे सगळं.”

समितीच्या दिवशी ती सासूच्या पेटीतला फेटिया आणि कांचळी घालून आली, म्हणजे आरसे जडवलेला घागरा आणि चोळी. तांड्यावरच्या तरण्या बायका आता साडी नाहीतर ड्रेस घालतात, हे साहेबांना कोणी सांगितलं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं. सगळ्या बायकांना रांगेत बसवलं. हिला तिसऱ्या पंख्याखाली. हिने आपलं अर्थशास्त्राचं पुस्तक आणलं होतं. साहेबांनी ते काढून घेतलं, मुखपृष्ठ फाटकं आहे म्हणाले, आणि तिच्या हातात दुधाच्या धंद्यावरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक दिलं. त्याच्यावर गायीचा छान रंगीत फोटो होता.

समितीत एक वयस्कर गृहस्थ होते. ते तिच्याजवळ थांबले आणि काय वाचता, असं त्यांनी खरोखरच्या उत्सुकतेने विचारलं. तिने तोंड उघडलं, पण उत्तर साहेबांनी दिलं. ह्या आमच्या लाभार्थी, ते म्हणाले, आणि गृहस्थांना पुढच्या कुंडीकडे घेऊन गेले.

लाभार्थी. या शब्दाने माझ्या अंगाची लाही होते. वाचक स्वतः वाचतो. लाभार्थ्याला कुणीतरी काहीतरी दिलेलं असतं, आणि देणाऱ्याचा फोटो त्याच्या शेजारी असावाच लागतो. सहा महिने ती बाई त्या खुर्चीत बसून अर्थशास्त्र समजून घेत होती, आणि एका शब्दात तिचा वाचक हा हुद्दा गेला.

बायका बाहेर आल्या तर पायरीजवळ एकही चप्पल नव्हती. समितीच्या गाड्या तिथे लागणार म्हणून चपला कोणीतरी उचलल्या होत्या. कुठे ठेवल्या, हे कोणालाच माहीत नव्हतं. कोणी शोधायलाही तयार नव्हतं, सगळे समितीच्या जेवणाच्या मागे. सणाचे कपडे घातलेल्या त्या बायका अनवाणी तांड्यावर गेल्या. रस्त्याच्या कडेला गिट्टी टाकलेली, पुढे पायवाटेवर सराटे. म्हातारी मध्येच खाली बसून पायातला काटा काढत होती, ते मला खिडकीतून दिसलं. आत गुलाबजाम वाढत होते.

संध्याकाळी जनरेटरच्या मागे पोत्यात कोंबलेल्या चपला मला सापडल्या. ते पोतं मी स्कुटीवर घालून तांड्यावर नेलं. पारावर पोतं रिकामं केलं, बायका आपापली चप्पल ओळखून काढू लागल्या, एकमेकींची चेष्टाही चालू होती. मला एकटीलाच रडू येत होतं, तेही रागाचं. तिने चपला पायात घातल्या आणि फक्त एवढंच विचारलं.

“सोमवारपासून येतो मी, मॅडम?”

ये, असं मी म्हटलं.

सोमवारी मी गेटवर पोचले तर गेटाच्या वर नवा फ्लेक्स लागलेला. ‘ज्ञानगंगा आपल्या दारी. बंजारा भगिणींचा विद्यापीठाकडून सन्मान.’ भगिणी. ण बाणातला. डावीकडे साहेब, हात जोडलेले. उजवीकडे ती, आरशांची कांचळी, हातात गायीचं पुस्तक, माणसाच्या उंचीपेक्षा मोठी. आणि त्या फ्लेक्सच्या बरोबर खाली तीच, साध्या साडीत, पिशवी छातीशी धरून उभी. गार्ड तिला आत सोडत नव्हता. बाहेरच्यांना मनाईचा आदेश अजून उठला नव्हता. गार्डने एकदा वर पाहिलं, एकदा खाली पाहिलं. तो काही दगडाचा नव्हता.

“मी काय करू, ताई,” तो म्हणाला. “वरून हाय.”

मी साहेबांच्या खोलीत गेले ते दार न वाजवता. साहेब म्हणाले की समितीने सुरक्षेचा मुद्दा काढला आहे. पुस्तकं जातात, बाहेरची माणसं येतात, पुढच्या वर्षी नीट धोरण आखू. फेब्रुवारीत तिची परीक्षा आहे, असं मी सांगितलं. ते म्हणाले की मॅडम, एका व्यक्तीसाठी धोरण बदलता येत नाही.

“एका व्यक्तीचा फोटो गेटवर लावता येतो,” मी म्हणाले.

त्यांचा चेहरा बदलला. गोड सूर गेला. “बाहेरच्यांना मनाई आहे म्हणजे आहे,” ते म्हणाले, आणि फोन उचलला. त्या फोनवर पलीकडे कोणी नव्हतं, हे मला दिसत होतं. गरज सरो, वैद्य मरो. फरक इतकाच की वैद्याचा फोटो काढून ठेवला होता.

मी वाचन कक्षात गेले. तिसऱ्या पंख्याखालची खुर्ची उचलली, सगळ्यांसमोर काचेच्या दारातून बाहेर काढली, पायऱ्या उतरून गेटापाशी नेली आणि फ्लेक्सच्या सावलीत ठेवली. बस, म्हटलं. ती बसली. त्या दिवशी मी काउंटरवर सगळ्यांशी इतकी हळू बोलले की पोरं घाबरली.

दोन-चार दिवसांत मला नोटीस मिळाली. विद्यापीठाची मालमत्ता इमारतीबाहेर का नेली, याचा खुलासा करावा. मी खुलासा केला की फ्लेक्सवर लिहिल्याप्रमाणे ज्ञानगंगा दारी नेत होते, खुर्चीशिवाय ती वाहीना, आणि भगिनी हा शब्द नळातल्या ‘न’ने लिहितात. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, हे मला कळत नाही असं नाही. मला देवघेवीच्या टेबलावरून उठवून मागच्या खोलीत जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांत बसवलं. ती शिक्षा होती. मला शिंका येत, बाकी काही नाही. खुर्ची मात्र कोणी परत आत नेली नाही, फोटोतल्या बाईला उठवणार कोण.

पण गेटावर अभ्यास होत नाही. रस्त्याने एसट्या, कापसाच्या गाड्या, आणि प्रत्येक जण थांबून फ्लेक्सकडे आणि हिच्याकडे बघायचा. ही तूच का, असं विचारायचा. एकाने सेल्फी मागितली. ती दिवसभर पान उलटायची, पण डोळे एकाच ओळीवर असायचे. परीक्षा जवळ येत होती, आणि मला वाटू लागलं की मी तिला खुर्ची दिली नाही, माझा राग मी तिला खुर्चीसारखा दिला, आणि त्याच्यावर बसून कोणाला अभ्यास करता येत नाही.

एका दुपारी वारा सुटला आणि फ्लेक्सची एक बाजू तुटून गेटावर फडफडायला लागली. गार्डने तो उतरवला आणि कचऱ्याकडे निघाला. ती खुर्चीवरून उठली आणि त्याला आडवी गेली.

“हा मले देता का?”

गार्डने तो तिच्या हातात दिला. घडी घालताना साहेबांचं नाक मध्येच दुमडलं गेलं. कशाला हवा, असं मी तिला विचारलं. गोठ्याच्या उघड्या बाजूला बांधतो, ती म्हणाली. वारा बंद, शेळी बंद, हाका बंद. इतकं सोपं होतं, आणि इतके दिवस मला, शिकलेल्या बाईला, फक्त भांडता येत होतं. त्याच आठवड्यात मोडकं सामान वेगळं काढायचं काम चालू होतं आणि ते माझ्याचकडे होतं. मी तिला खुर्चीही घेऊन जायला सांगितलं. ही मोडली आहे का, असं तिने विचारलं. मोडली आहे असं मी लिहिलंय, असं सांगितलं. याचा मला आजही पश्चात्ताप नाही. तिने खुर्ची डोक्यावर घेतली, फ्लेक्स काखेत मारला आणि रस्ता ओलांडून गेली.

जाताना तिने बजावलं की परीक्षा होईपर्यंत कोणी यायचं नाही, मीसुद्धा नाही. बाया आल्या की गप्पा होतात. म्हणून मी गेले नाही. माझ्या स्वतःच्या कार्डावर पुस्तकं काढायची आणि गार्डच्या हाती तांड्यावर पाठवायची. तो आपणहून न्यायला लागला होता, आणि मी त्याबद्दल त्याला काही बोलले नाही.

ती पास झाली. सगळ्यात चांगले गुण मराठीत. मोबाइलवर निकाल पाहून मी मासिकांच्या खोलीत एकटीच नाचले असेन, दार लावलेलं होतं म्हणून सांगते. वयाच्या अटीच्या आत तिने अंगणवाडीचा अर्ज केला. माझा राग पूर्ण अर्धा दिवस कुठेतरी गेला होता.

दुसऱ्या दिवशी साहेबांना बातमी कळली आणि राग परत आला. वार्षिक अहवालात त्यांना यशोगाथा हवी होती. आमच्या वाचन कक्षाने घडवलेली गृहिणी. फोटोग्राफर, जीप, आणि वाट दाखवायला मी. मी जाणार नाही म्हणू शकले असते. पण परीक्षेनंतरही मला बोलावणं आलं नव्हतं, आणि त्या फ्लेक्सच्या मागे काय आहे, ते मलाही पाहायचं होतं.

जीप गोठ्यापाशी थांबली. उघड्या बाजूला फ्लेक्स ताणून बांधलेला, छापलेली बाजू बाहेर. साहेबांच्या गालाला एक शेळी अंग घासत होती. ‘भगिणींचा’मधल्या ‘णीं’वर काळ्या मार्करने काट मारून वर ‘नीं’ लिहिलेलं होतं, ठसठशीत. खाली चपलांची एक ओळ, सगळ्यांचे पट्टे आतल्या बाजूला. आतून कोणीतरी अडखळत पेपर वाचत होतं, आणि दुसरी कोणीतरी तिला दुरुस्त करत होती. शनिवार होता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

साहेब फ्लेक्स उचलायला पुढे झाले. तेवढ्यात तीच बाजूने बाहेर आली. हातात पाण्याचा तांब्या आणि पेले. दारी आलेल्याला पाणी विचारल्याशिवाय तांड्यावर कोणी बोलायला सुरुवात करत नाही. तिने आम्हा सगळ्यांना पाणी दिलं, साहेबांना आधी. त्यांनी पेला परत दिल्यावर ती म्हणाली,

“आत वाचन चालू हाय, साहेब. बाहेरच्याले मनाई हाय.”

साहेबांना आधी ती चेष्टा वाटली. त्यांनी यशोगाथा समजावून सांगितली, अहवाल सांगितला, एकच फोटो, म्हणाले. आणि मग माझ्याकडे हात केला की मॅडमही आल्यात ना.

“फोटो तं हाय ना तुमच्यापाशी एक,” ती म्हणाली आणि फ्लेक्सकडे मान केली. “तोच लावा.”

कोण आलंय, हे म्हातारीने आतून ओरडून विचारलं, “कुण छ?”

तिने साहेबांकडे पाहिलं, फोटोग्राफरकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे. माझ्याकडे जरा जास्त वेळ. “कोर छ,” तिने आत सांगितलं आणि फ्लेक्सच्या बाजूने आत गेली.

साहेब जीपकडे वळले. मॅडम, चला, असं त्यांनी दोनदा म्हटलं. मला इतका राग आला होता की काही दिसत नव्हतं, आणि या वेळी तो नेमका कोणावर, हे मला सांगता येत नव्हतं. ती खुर्ची मी काढून दिली होती. ती पुस्तकं माझ्या कार्डावरची होती. आणि मी आले होते साहेबांच्या जीपमधून. मी चपला काढल्या, त्या ओळीच्या शेवटी ठेवल्या, पट्टे आतल्या बाजूला, आणि फ्लेक्सला पाठ लावून जमिनीवर बसले. जीपने हॉर्न दिला आणि निघून गेली.

आत वाचन थांबलं होतं. कुजबुज झाली, कोणीतरी हसू दाबलं. मग फ्लेक्सच्या खालून एक सुरकुतलेला हात बाहेर आला, बांगड्यांनी भरलेला. हातात कागद होता. मी तो घेतला. कोरा होता. आत बायका आता मोकळ्या हसत होत्या.

पर्समधून पेन काढून मी त्याच्यावर अर्ज लिहिला. बाह्य वाचक म्हणून वाचन कक्षात बसू द्यावे, ही विनंती. ऱ्हस्व-दीर्घ दोनदा तपासलं आणि कागद फ्लेक्सखालून आत सरकवला. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग कागद उलटून पाहिल्याचा.

“आधार कार्ड आणलं का, मॅडम?” आतून तिने विचारलं.

मी आणलं नव्हतं.